आधी उतार, मग चढ : तोरणमाळच्या कडेवरील एका ऑक्टोबरी पदभ्रमणाचे प्रकरण

सह्याद्रीतील किल्ले चढणाऱ्याच्या अंगवळणी एक क्रम पडलेला असतो. सकाळच्या गारव्यात ताज्या पायांनी चढायचे आणि ऊन व थकवा एकदम अंगावर येऊ लागले की उतरायला लागायचे. तोरणमाळला हा क्रम उलटा होतो. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील सातपुड्याचे हे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंच आहे आणि शहाद्याहून निघालेला डांबरी रस्ता घाट चढून थेट त्याच्या माथ्यावर जातो. यशवंत तलावाच्या काठी गाडीतून उतरलेला माणूस एक पाऊलही न चढता शिखरावर पोचलेला असतो, आणि पायी पाहण्यासारखे जे उरते त्यातील बरेचसे कडेच्या खाली असते. म्हणजे उतार आधी येतो आणि चढ शेवटी, तोही दुपारी. एका रविवारी या उलट्या क्रमाकडे आमचे दुर्लक्ष झाले. त्या दिवसाचे नियोजन माझे होते, त्यामुळे चुकाही प्रामुख्याने माझ्याच आहेत.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध होता आणि कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. धुळे, शहादा आणि शिंदखेडा भागातील सोळा जण, मी, माझा एक तरुण सहकारी आणि कडेखालच्या पाड्यातील एक पावरा आदिवासी वाटाड्या असे एकोणीस जण निघणार होतो. सहभागींमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी होते, दोन शिक्षिका होत्या, एक औषधविक्रेता होता आणि एकसष्ट वर्षांचे एक कापूस उत्पादक शेतकरी होते. त्यांना सगळे पहिल्या तासापासून नाना म्हणू लागले, म्हणून इथेही तसेच म्हणतो. पठाराच्या सपाटीवरून तीन किलोमीटर चालत दक्षिणेकडील कडेपर्यंत जायचे, तेथून अडीच किलोमीटरच्या पायवाटेने सुमारे तीनशे ऐंशी मीटर खाली पाड्यावर उतरायचे, जेवायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असा बेत होता. एकूण चाल अकरा किलोमीटरांची होती.

वेळेचा हिशेब मी नेस्मिथच्या नियमाने केला होता. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हा नियम आजही जगभर वापरला जातो. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरायचे आणि चढाच्या दर सहाशे मीटरला एक तास जोडायचा. त्याप्रमाणे अकरा किलोमीटरांना दोन तास बारा मिनिटे आणि चढाला अडतीस मिनिटे लागतात. पुढे एरिक लँगम्युअर यांनी सुचवलेल्या दुरुस्तीनुसार तीव्र उताराच्या दर तीनशे मीटरला दहा मिनिटे वाढवली, तरी एकूण वेळ तीन तासांच्या आसपासच भरते. मी पाच तास धरले आणि दोन तासांची मोकळीक ठेवली, या विचाराने निर्धास्त झालो. हा नियम स्कॉटलंडच्या थंड हवेत, सवयीच्या चालणाऱ्यांसाठी बांधलेला आहे. चढाचे अडतीस मिनिट सकाळी सातचे आहेत की दुपारी एकचे, हे तो विचारत नाही. मीही विचारले नाही.

ठरल्याप्रमाणे सव्वाआठला चालायला लागायचे होते. प्रत्यक्षात एक गाडी शहाद्यातूनच उशिरा निघाली, घाटात दोनदा थांबली, वर पोचल्यावर पोहे आणि चहा झाला, तलावाकाठी छायाचित्रे झाली आणि पहिले पाऊल पडले ते नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी. सत्तर मिनिटांचा हा उशीर कुणालाही बोचला नाही, कारण हवा मोठी प्रसन्न होती. गवतावर दहिवर होते, दोघांनी स्वेटर काढलेही नव्हते. ऑक्टोबरमध्ये पठाराची हीच फसवणूक असते. सकाळी थंडी वाजते म्हणून माणूस पाणी पीत नाही. पाऊस नुकताच गेलेला असतो, जमिनीत ओल असते आणि आकाश निरभ्र असते, त्यामुळे दहानंतर ऊन एकाएकी टोचायला लागते आणि हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही. खान्देशात मेच्या उन्हाला सगळे वचकून असतात, पण ऑक्टोबरच्या उन्हाला कोणी फारसे मोजत नाही.

कडेवर आम्ही दहा पस्तीसला पोचलो. हा क्षण या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. कडेवरून खालचा पाडा दिसत होता, मक्याची कापणी झालेली शेते दिसत होती आणि पायवाट पिवळ्या गवतातून नागमोडी उतरत गेलेली दिसत होती. वाटाड्या माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, इथून पण सगळं दिसतं." मी हसून विचारले, "जमेल ना दादा?" त्याने क्षणभर खाली पाहिले आणि म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." मी उतरायला सांगितले.

त्याचे पहिले वाक्य हा नकार होता. ते मला त्या दिवशी कळले नाही, आठवडाभराने कळले. सातपुड्यातील माणूस पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाही. तो दुसरा पर्याय पुढे ठेवतो आणि आपण तो उचलावा अशी वाट पाहतो. वर "जमेल ना?" या प्रश्नाची घडणच अशी आहे की त्याला "जमेल"शिवाय उत्तर नसते. शिवाय त्याच्या अडचणीचे आणखी एक कारण होते, ते पुढे येईलच.

उतरताना कुणालाच त्रास झाला नाही. गवत वाळायला लागले होते आणि त्याखालचा मुरूम सुटा होता, त्यामुळे घसरण्याचे प्रकार झाले, हशा झाला. कुसळे पायमोज्यांत आणि विजारीच्या कडांत भरली. नाना कापसाच्या भावाबद्दल आणि यंदाच्या वेचणीबद्दल अखंड बोलत होते. बारा वाजून पाच मिनिटांनी आम्ही पाड्यावर होतो. भाकरी तयार होत्या, पण पोहे उशिरा खाल्ल्यामुळे बहुतेकांनी अर्धी भाकरी खाल्ली. लवकर वर जाऊन विश्रांती घ्यावी असे सर्वांचे मत पडले आणि साडेबाराला, म्हणजे शक्य असलेल्या वेळांपैकी सर्वांत वाईट वेळी, आम्ही चढायला लागलो.

ही वेळ सर्वांत वाईट का, हे आकड्यांत सांगता येते. तोरणमाळच्या रेखांशावर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सूर्य दिवसातील सर्वांत उंच जागी येतो तो बारा वाजून पंधरा-वीस मिनिटांनी, आणि तेव्हा तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे अठ्ठावन्न अंश उंच असतो. आमचा उतार दक्षिणेकडे तोंड करून तीसेक अंशांनी कललेला होता. अशा उतारावर त्या वेळचे ऊन जवळजवळ काटकोनात पडते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा हाच उतार ऊन तिरपे घेतो. ऑक्टोबरात तो सरळ अंगावर घेतो. त्यात काळा बेसाल्ट तापतो, कडेपेक्षा पाडा तीनशे ऐंशी मीटर खाली असल्याने हवा अडीच अंशांनी अधिक उष्ण असते आणि घळीत वारा नसतो. सागाची पाने अजून झाडावर होती, पण वाट सागातून जात नव्हती, गवतातून जात होती.

एक वाजून दहा मिनिटांनी खालून एका विद्यार्थिनीने हाक मारली. मी तेव्हा वाटाड्याबरोबर रांगेच्या पुढच्या टोकाला होतो, कारण मला त्याच्याकडून झाडांची पावरी नावे ऐकायची होती. सहकारी मधल्या विद्यार्थ्यांबरोबर होता. रांगेच्या शेपटीला जबाबदार माणूस कोणीही नव्हता. नऊ जण सहकाऱ्यासह पहिल्या खडकाळ टप्प्याच्या वर गेले होते आणि बाकीचे खाली पसरले होते. मी सहकाऱ्याला नऊ जणांसह हळूहळू कडेवर जायला सांगितले आणि वाटाड्यासह मागे उतरलो. रांग तशीही तुटलेलीच होती; वर गेलेल्यांना पुन्हा उन्हात खाली आणण्यात काही शहाणपण नव्हते, असे मला आजही वाटते.

नाना एका दगडावर बसून पायमोज्यातील कुसळ काढत होते. निदान तसे वाटत होते. जवळ गेल्यावर दिसले की त्यांना ते कुसळ चिमटीत धरता येत नव्हते. अंगठा तळव्याकडे वळून ताठ झाला होता आणि ते दुसऱ्या हाताने तो सरळ करू पाहत होते. सदऱ्याच्या पाठीवर घामाच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटली होती. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. विद्यार्थिनी म्हणाली, "काका बराच वेळ बोलतच नाहीयेत." सगळ्या खुणांत तीच सर्वांत बोलकी होती. सकाळपासून न थांबलेला माणूस गप्प झाला होता, आणि ते फक्त तिच्या लक्षात आले होते. मी विचारल्यावर ते म्हणाले, "माले काहीच व्हयेल नही."

तपासण्यासारखे जे होते ते तपासले. गाव, वार आणि सकाळचा नाश्ता त्यांनी बरोबर सांगितला, पण प्रत्येक उत्तराआधी थांबत होते. कातडी ओली होती. दहा मिनिटे बसल्यानंतरही नाडी मिनिटाला एकशेवीस होती. मळमळत होते, उलटी झालेली नव्हती. उष्माघात आणि उष्णतेने येणारी ग्लानी यांतील सीमारेषा बाहेरून ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे माणसाचे भान. तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून आधी जागच्या जागी पाणी ओतून, वारा घालून अंग थंड करायचे आणि मग हलवायचे असते. तेव्हा वेळ मिनिटांत मोजतात. नाना त्या रेषेच्या अलीकडे होते, पण फार अलीकडे नव्हते.

पाण्याचा हिशेब लाजिरवाणा निघाला. प्रत्येकाला दोन लिटर आणायला सांगितले होते. नानांच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या आणि त्यांतील दीड लिटर अजून शिल्लक होते. पाणी कमी नव्हते, ते प्यायले गेले नव्हते. ओआरएसची पाकिटे एकोणीस जणांत मिळून दोन होती.

पुढे कोणत्या दिशेने जायचे हा खरा प्रश्न होता. कड सुमारे अडीचशे मीटर वर होती आणि पाडा एकशेतीस मीटर खाली. वर गाडी होती, गावात सरकारी दवाखाना होता, आणि आजारी माणसाला घेऊन दवाखान्याच्या दिशेने जावे ही स्वाभाविक ओढ असते. उरलेल्यांपैकी दोघांचा आग्रह तोच होता. पण चढणे म्हणजे स्नायूंनी आणखी उष्णता निर्माण करणे, तीही सरळ अंगावर येणाऱ्या उन्हात. आम्ही खाली गेलो. वाटाड्याने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उतरवले, तेवढ्या उताराला चाळीस मिनिटे लागली. कुडाच्या भिंतींच्या एका घराच्या ओसरीवर, खाटेवर त्यांना पाय उंच करून निजवले, सदरा काढला, पंचा भिजवून मानेवर, काखेत आणि छातीवर ठेवला आणि ओआरएस घोटाघोटाने द्यायला सुरुवात केली. पाकिटे संपल्यावर घरातील साखर आणि मीठ घेऊन, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या मापाने पाणी केले. घरातल्या आजींनी मिठाचा खडा आणि मिरची घालून भाकरीचा तुकडा पुढे केला. तासाभराने नानांनी तो स्वतःच्या हाताने उचलला, तेव्हा अंगठा सुटला असल्याचे दिसले.

दोनच्या सुमारास पाड्यातील चार तरुण बांबू आणि गोधडी घेऊन आले. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला आणि अडलेल्या बाळंतिणीला असेच झोळीत घालून वर न्यावे लागते. वर्तमानपत्रे त्याला बांबूलन्स म्हणतात. या शब्दातील विनोद मला कधी आवडला नाही. मी त्यांना थांबवले. नानांचे भान शाबूत होते आणि झोळी उचलणाऱ्या चौघांना त्याच उन्हात त्याच चढावर घालणे म्हणजे एकाची जोखीम चौघांवर टाकणे होते. मात्र अटी ठरवल्या: दर पंधरा मिनिटांनी बोलणे आणि नाडी पाहायची; उलटी झाली, बोलणे अडखळले किंवा साडेतीनपर्यंत लघवी झाली नाही, तर झोळी. तीन वाजून वीस मिनिटांनी नाना उठून घरामागे गेले आणि परत येऊन हात धुतले. त्या दिवसातील ही सर्वांत दिलासा देणारी घटना होती.

थांबण्याची किंमत दुसऱ्या बाजूने द्यावी लागते. साडेतीननंतर पश्चिमेकडील सोंडेची सावली घळीत उतरू लागते, परंतु सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत वाट दिसेनाशी होते. कुणीतरी म्हणाले, "कोजागिरी आताच झाली, चांदणं असेल." त्या दिवशी संकष्टी होती. चंद्रोदयाची वाट पाहत ज्यांनी उपास सोडला आहे, त्यांना सांगायला नको की चंद्र साडेआठच्या पुढे उगवतो. दिवसाची सहल म्हणून विजेरी मी ऐच्छिक ठेवली होती. आमच्याकडे दोन विजेऱ्या होत्या, आणि बाकी भिस्त छायाचित्रे काढून अर्धे संपलेल्या मोबाइलांवर होती.

तीन चाळीसला निघालो. दहा मिनिटे चालणे आणि पाच मिनिटे बसणे, प्रत्येक थांब्याला शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी, नाना दुसऱ्या क्रमांकावर, वाटाड्या पुढे, मी शेवटी. नानांची पिशवी पाड्यातील एका तरुणाने घेतली आणि चौघांपैकी दोघे बांबूसह सोबत आले. मी मागितले नव्हते. पाच पस्तीसला कडेवर पोचलो तेव्हा सहकारी गावातून विजेऱ्या आणि दोन माणसे घेऊन परत आलेला होता. उरलेली तीन किलोमीटरची सपाटी संधिप्रकाशात आणि नंतर काळोखात पार झाली. गावात पोचायला सहा पन्नास झाले.

दुसऱ्या दिवशी नाना शहाद्यात डॉक्टरांकडे गेले. रक्तातील सोडियम थोडे कमी निघाले. तिथे जी गोष्ट उघड झाली ती आमच्या अर्जावर असायला हवी होती. नाना चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेत होते आणि तिच्यात लघवी वाढवणाऱ्या औषधाचा अंश होता. अशा औषधाने शरीरातील पाणी आणि क्षार आधीच कमी होत असतात. उन्हात घाम जाऊ लागला की तोल लवकर बिघडतो. आमच्या अर्जावर "काही आजार आहे का?" असा रकाना होता आणि नानांनी प्रामाणिकपणे "नाही" लिहिले होते. रक्तदाब ताब्यात आहे, म्हणजे आजार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि आपल्याकडे बहुतेकांचे तेच असते. आता रकान्यात "रोज कोणत्या गोळ्या घेता?" असे विचारले जाते, आणि गोळीबद्दल काय करायचे ते सहभागीने स्वतःच्या डॉक्टरांना विचारायचे असते. आम्ही सल्ला देत नाही.

शेतकरी म्हणून ते उन्हाला सरावलेले असणार, हे मी गृहीत धरले होते. सरावलेले होतेच, पण शेतकरी दुपारी बारा ते तीन बांधावरच्या झाडाखाली असतो. त्याचा सराव उन्हात चढण्याचा नसतो, ऊन टाळण्याचा असतो. सातपुड्यातील अस्तंभा शिखराच्या यात्रेला दिवाळीत जाणारे खान्देशी भाविकही बरीच चाल रात्रीच्या गारव्यात उरकतात. हे शहाणपण आमच्या भोवती होते, आम्ही ते फक्त वापरले नाही.

आता आम्ही आदल्या रात्री तोरणमाळला मुक्काम करतो. सकाळी नऊनंतर कडेवर पोचलेला गट खाली उतरत नाही. तो कडेकडेने चालतो. शेपटीला ठरलेला माणूस असतो. वाटाड्याला "जमेल ना?" असे विचारणे बंद केले आहे. "आज तुमच्या घरची माणसं बरोबर असती तर उतरला असता का?" असे विचारतो, आणि याला मात्र सरळ उत्तर मिळते.

राहिले वाटाड्याच्या अडचणीचे कारण. त्या सकाळी पाड्यावर एकोणीस जणांचा स्वयंपाक सांगितलेला होता. तो त्याच्या वहिनीकडे होता, आणि पैसे जेवणानंतर द्यायचे ठरले होते. आम्ही कडेवरून परतलो असतो, तर एका घराची दिवसभराची मेहनत आणि पीठ वाया गेले असते. त्याला माझ्यापेक्षा ऊन अधिक कळत होते, आणि तरीही "तुम्ही म्हणाल तसं" म्हणण्यापलीकडे आम्ही त्याला जागा ठेवली नव्हती. आता जेवणाचे पूर्ण पैसे आदल्या दिवशी दिले जातात, आम्ही उतरलो किंवा नाही. यावर गटात अजून कुरबुर होते. न खाल्लेल्या भाकरीचे पैसे का द्यायचे, असे तिघांचे म्हणणे आहे.

गेल्या खेपेला कडेवर पोचायला नऊ वीस झाले. वाटाड्याने माझ्याकडे पाहिले, मी घड्याळ दाखवले आणि आम्ही कडेने पूर्वेकडे वळलो. अकराच्या सुमारास त्याचा पुतण्या डोक्यावर गाठोडे घेऊन खालून वर आला. फडक्यात मक्याच्या भाकरी होत्या, अजून कोमट, आणि वर मिरचीचा ठेचा. नानांनी तीन खाल्ल्या.